पंचवीस अंशांवर

ऑक्टोबरात किटवेच्या भिंती रात्रीही निवत नाहीत.
रेक्टिफायरच्या खोलीत पंखा
तीच गरम हवा इकडून तिकडे लोटतो.
त्रेचाळीस, आणि अजून अकराच वाजलेत.

कापेंब्वा म्हणाली, पहिलं पान राहू दे.
पहिल्या पानावर सगळेच शूर असतात.
चारशे अँपिअर, ठळक टाइपात.
मग खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं,
नख मोरचुदाने निळं पडलेलं:
आवरण पंचवीस अंशांवर असताना.
"हे पंचवीस अंश
आपल्याकडे कधी राहायला आले होते?"

चौथ्या पानावर एक उतरती रेघ आहे.
शंभरापाशी चारशेचे दोनशे होतात,
थोडं पुढे गेलं की काहीच नाही.
ही वाच, म्हणाली.
सकाळी किती उचलतो ते विचारू नये,
दुपारी दोनला किती उरतो ते विचारावं.
व्होल्टेजचंही तेच. रोजचं नको,
लाइनवर वीज कोसळते त्या संध्याकाळचं धर.

गेल्या साली स्टोअरच्या सिमुतोवेने
एकाच्या जागी दोन लहान डायोड आणले, स्वस्तात,
शेजारी शेजारी जोडले.
ओझं अर्धं अर्धं होईल, त्याचा हिशेब.
पण जो जरा जास्त तापतो
त्याच्यातूनच वाट सोपी होते,
मग सगळे त्याच्याकडेच येतात,
मग तो आणखी तापतो.
दुसरा बाजूला थंड बसून असतो.

इथे ती थांबली.
तिच्या घरी दोन भाऊ होते.
थोरल्याचं नाव ती घेत नाही.

एक फट्ट आवाज, बस.
आणि डायोड मेला की दार बंद होत नाही,
उघडंच राहतं.
टाक्यांमध्ये तांब्याचे पत्रे
अर्धे वाढून तसेच लटकले, तीन दिवस.
म्हणून फ्यूज असा घे
जो त्याच्या आधी जाईल.

आता सहा आलेत, नऊशेचे, बशीएवढे.
सिमुतोवेने सही केली, पेन आपटून.
पेस्ट मी इतकी पातळ लावली
की खालची धातूची चमक दिसावी.
पाना हलक्या आवाजात टकटकला तिथे थांबलो.

चार तास भार दिला. मग वीज तोडली,
खात्री केली, पुन्हा केली,
आणि पात्यांवर तळहात टेकून
बेम्बात मोजू लागलो.
सातपर्यंत हात टिकला होता.
"पुरे," कापेंब्वा म्हणाली,
"आज ढग होते."