मीटर बसवायला आलेल्या साहेबांस

बसा, कियूमर्स साहेब. चहा घ्या, खडीसाखर दाताखाली धरून.
सील कुठे पळून जात नाही.

ही वही. शाळेचीच आहे,
मागच्या पानांवर माझ्या भावाचे पाढे.
पुढे विहीर क्रमांक सात:
अठ्ठावीस वाटेकरी, बारा दिवसांची पाळी,
कोणी किती तास घेतले, कोणी कोणाला विकले.

माझे वडील मीराब. पाणी वाटणारे.
त्यांच्याकडे तांब्याचं वाडगं, बुडाला सुईएवढं भोक;
हौदात तरंगत ठेवायचे,
भरून बुडालं की हाळी द्यायचे
आणि पुढच्याच्या बागेकडे पाट फिरायचा.
एकदा त्यांना डुलकी लागली,
सफदरकुलीला दीड वाडगं जास्त गेलं.
चाळीस वर्षं झाली. त्याचा पोरगा अजून ऐकून घेतो.

तुम्ही म्हणता, हा बाजार बेकायदा.
असेल.
भाव शुक्रवारी ठरतो, हौदाच्या कट्ट्यावर, सगळ्यांसमोर,
आणि पिस्त्यात दाणा भरताना तो कोणी वाढवायचा नाही.
खावरबाईंना दर पाळीला अर्धा तास,
‘वाहून गेलं’ या नावाखाली.
तुमच्या फॉर्मवर तो रकाना नाही. मी पाहिलं.

तहमूरसनं गेल्या उन्हाळ्यात आपले सगळे तास
हमरस्त्यावरच्या टँकरवाल्याला दिले.
आम्ही काही केलं नाही.
त्याच्या आईच्या चाळिसाव्याला सगळे गेलो,
चहा प्यायलो, आणि त्याच्याशी बोललो नाही.
पुढच्या पाळीला तास परत आले.

तरी बसवा मीटर. मी आड येत नाही.
वडिलांच्या वेळी पाणी वीस परसांवर होतं,
आता पाइप शंभराच्या खाली गेलाय.
कोणी कोणाला किती दिलं, ते आम्ही चोख लिहिलं;
खाली किती उरलं
त्याची रेघच कधी आखली नाही.
अंगणातली ही भेग बघा.
गेल्या वर्षी करंगळी जायची.
परवा मांजरीचं पिल्लू काढलं आतून.

तर तुमचा आकडा नुसता शहरात पाठवू नका,
मलाही सांगत जा.
रेघ मी आजच मारते.
वर काय लिहू, ते सुचत नाही.
एकोणतिसावा वाटेकरी?
मग त्याची पाळी कधी, तेही शुक्रवारी काढावं लागेल,
आणि कट्ट्यावर तहमूरसच आधी विचारेल,
कोणाच्या तासांतून.

गार झाला की तुमचा. द्या इकडे, दुसरा ओतते.