रिटचिंग

वडील चेहरे दुरुस्त करायचे.
म्हणजे नोकरीच ती. मोहिनी फोटो स्टुडिओ, नारायण पेठ,
जिन्याखालची खोली, उतरतं मेज,
आरशाने आत वळवून घेतलेलं ऊन
आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल.
काचेवर सगळं उलटं असतं:
देवीचे व्रण तिथे उजळ दिसतात,
ते एकेक करून शिशाने बुजवायचे,
की कागदावर गाल लोण्यासारखा.

रजिस्टर माझ्याकडे आहे, पुराच्या पाण्याने फुगलेलं.
गिऱ्हाइकं त्यातून अजून बजावतात:
कु. वत्सला ढमढेरे. स्थळासाठी. उंच दिसावी.
हवालदार मुजावर. मिशी जरा भरून द्यावी.
कुदळे, जोडी. बाईंचा डोळा मिटला आहे, तो उघडावा.
आगाऊ सव्वा रुपया जमा.

वडिलांनी डोळा उघडला.
बाई पासष्ट वर्षं टक्क बघताहेत.

एकसष्टच्या जुलैत पानशेत फुटलं,
नदी जिन्याखाली येऊन बसली.
मालकांनी दोन महिन्यांच्या पगारापोटी
काचांची तीन खोकी दिली.
आईने पहिलं खोकं उकळत्या सोड्यात घातलं.
चेहरे सायीसारखे सुटून आले
आणि मोरीतून गेले.
धुतलेल्या काचा फडताळाच्या दाराला लागल्या.
एक नीट घासली गेली नव्हती,
तिच्यावर कुणा नवरीची नथ राहिली, काळ्या मोत्यांची,
आणि बरोबर तिच्या मागे मेतकुटाची बरणी.
मला कितीतरी वर्षं वाटायचं
बरणीलाच नाक आहे.

(फडताळ गेल्या वर्षी भंगारवाल्याला दिलं.
दार जपून ने, म्हटलं.
काचेचे पैसे येत नाहीत ताई, म्हणाला.)

उरलेली दोन खोकी आता उघडली आहेत.
टॅबवर कोरा पांढरा पडदा लावते, वर काच ठेवते,
मोबाइलने टिपते, रंग उलटे करते.
चेहऱ्यांत काही सापडत नाही.
वडील फार चांगले कारागीर होते.

पण कडा त्यांनी तशाच सोडल्या.
तिथे पुठ्ठ्याची चौकट येणार होती,
कोण बघतंय.
तिथे वत्सलाच्या टाचांखाली दोन विटा आहेत,
एकीवर भट्टीचा शिक्का.
उघड्या दारात कुणाचीतरी सायकल टेकलेली,
हँडलला पिशवी, पिशवीतून मेथी डोकावते.
हवालदाराच्या चकचकीत बुटांशेजारी बशी,
बशीत ओतून ठेवलेला चहा,
'हलू नका' म्हटल्यावर तसाच राहिलेला.
आणि कुदळ्यांची मुलगी, सात-आठ वर्षांची.
जोडीच्या फोटोत नको म्हणून भिंतीशी उभी केलेली,
आईच्या चपला दोन्ही हातांनी छातीशी धरून.
त्या दिवशी त्या खोलीत
ती एकटीच हसली असावी.

मागच्या पडद्यावर तळं, तळ्यात हंस.
पडदा डावीकडून ताणून धरणारा एक हात.
जवळजवळ प्रत्येक काचेत तो आहे,
बाही कोपरापर्यंत दुमडलेली,
अंगठ्याचं नख उभं दुभंगलेलं.

वडिलांचं नख असंच होतं.
तांबट आळीत पोरवयात हातोडा बसला होता.
नखं काय, बऱ्याच जणांची दुभंगतात.

घरात त्यांचा एकच फोटो, ओळखपत्रापुरता.
त्यात गाल गुळगुळीत.
कुठल्याशा दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
आपलेच व्रण त्यांनी आपल्याच पेन्सिलीने बुजवले.
आम्हाला तो गाल तसा माहीत नव्हता.
ते गाल टेकवायचे तेव्हा
मी ओरडायचे, टोचतंय.

दोन बोटांनी मी अंगठा मोठा करत जाते.
नख. नखातली भेग.
मग नुसते दाणे,
खरबरीत.