कान दिसले पाहिजेत

एकतीस वर्षं मी सीबीएसच्या पास खिडकीत बसलो,
म्हणून नेजदारांनी मला बोलावलं.
रंकाळ्यावर पहाटे फिरणारा त्यांचा नऊ जणांचा कट्टा
मे महिन्यात आल्प्सला निघालाय,
आणि तिथल्या रेल्वेचे पास म्हणजे
आमच्या खात्याच्या परिपत्रकापेक्षा वाईट.
"इंगवले, तुम्हीच सांगा. आम्हास्नी काय बी कळंना झालंय."

मगदूमांच्या गच्चीवर सतरंजी. चहा, भडंग.
नेजदारांच्या पोरानं छापून पाठवलेले अठरा कागद,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर
एक कांदा, चष्म्याची डबी, गुळाचा खडा.

पहिला पास: आठ दिवस, कुठंही चढा, कुठंही उतरा,
बोट, ट्राम, सगळं त्यात.
दुसरं, अर्ध्या भाड्याचं कार्ड. आधी कार्डाचे पैसे,
मग प्रत्येक तिकीट निम्मं.
तिसरा एका दिवसाचा, लवकर घेतला तर स्वस्त,
घेतला की परत नाही.
चौथ्याचं नाव पद्मजाताईंना उच्चारता येईना.
त्या त्याला "तो लांबडा" म्हणाल्या, मग सगळेच म्हणू लागले.

"अर्धं तिकीट हितं बी हाय की,"
हौसाक्का शिंत्रे म्हणाल्या, कालच गडहिंग्लजहून आलेल्या,
"त्याला कार्ड कशाला? बाई दिसली की अर्धं."

मुजावर सरांना एकच शिखर पाहिजे होतं.
जन्मभर फळ्यावर काढलं, एकदा समोर उभं राहायचं.
नेमकी तिथंच मेख:
वरच्या शेवटच्या टप्प्याला पास देतो चौथाई सूट, कार्ड निम्मी.
म्हणजे खूप फिरणाऱ्याला पास, बेतानं फिरणाऱ्याला कार्ड,
आणि कट्ट्यात पाच जण खूपवाले.
उरलेल्या चौघांचे गुडघे.

पाठकोऱ्या कागदावर मी रकाने आखले.
ही आकडेमोड माझ्या हाताला पाठ आहे.
राधानगरीचा कारकून: वीस दिवसांचे भर, तीस दिवस जा.
गगनबावड्याची पोरगी: फोटोत डोळे मिटलेले, परत पाठवली,
पुढच्या सोमवारी आली, पुन्हा मिटलेले.
तसाच चिकटवला.

अकराच्या सुमाराला मी म्हटलं,
दहा माणसं असती तर गटाची सवलत लागली असती.
दहाव्याचं भाडं नऊ जणांच्या सवलतीतच निघतं,
वर चहापुरते उरतात.
मी हे हिशेब म्हणून म्हटलं.

कुणी बोललं नाही.
भडंगातला लसूण कुणीतरी वेचून खात होतं, ते थांबलं.
मगदूमांनी उगाच कांदा उचलला,
एक कागद उडाला, तोही कुणी धरला नाही.
"मग इंगवले," नेजदार म्हणाले, "पासपोर्ट हाय काय तुमचा?"

मी म्हटलं, रेल्वेचं निघतं, विमानाचं कुठं निघतंय.
मी म्हटलं, पेन्शन तीन हजारांत चारशे कमी.
मी म्हटलं, बघू.
"बघू म्हणणारा येतोय, लिवा," हौसाक्का म्हणाल्या.
"विमानाचं भिशीतनं उचला, फेडा सावकाश.
आम्ही काय लगेच मरत न्हाई."

आज महाद्वार रोडला फोटोवाल्याच्या स्टुलावर बसलोय.
मागचा पांढरा पडदा पंख्यानं हलतोय.
लाखभर फोटो या हातांनी चिकटवले,
डिंक वाळावा म्हणून फुंकर मारली,
खिडकीतून ओरडलो: चष्मा काढ, केस मागं घे,
कान दिसले पाहिजेत.
खिडकीपलीकडं ओळीत मी कधी उभा नव्हतो.

"काका, ओळखलं काय? मुरगूड. तीन वर्षं तुमच्याकडनंच पास."
ओळखलं नाही. हो म्हटलं.
"चष्मा काढा," तो म्हणाला. "मान जरा वर."
केस उरले नाहीत तिथून मी हात मागं फिरवला
आणि उजेड पडला त्या क्षणी डोळे मिटले.

त्यानं पडद्यावर बघितलं, मग माझ्याकडं.
"हा चालणार न्हाई काका. परत काढू."
मी म्हटलं, काढ.