दुसऱ्या खेळाडूची पाळी

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
शेजारी प्लेटिंगवाला, त्याच्या ॲसिडचा वास
आमच्या चहातसुद्धा.
टेम्पोतून चौघांनी उतरवलं ते धूड,
चार पायांचं, काचेच्या कपाळाचं.
काचेवर चाबूक घेतलेली बाई आणि तीन वाघ.
वाघांचा रंग उडालाय, बाईचं हसू शाबूत.
कुठल्याशा जिमखान्याच्या माळ्यावर पडून होतं म्हणे,
आता घोडबंदर रोडच्या कॅफेत जायचंय.
मालक पोरसवदा. म्हणाला,
"ताई, चालली नाही तरी चालेल.
लाइट तेवढे लागले पाहिजेत."

मी मान डोलावली
आणि तिची पाठ उघडली.

आत सुती वेष्टणाच्या वायरी, झुरळांची अंडी,
एक हेअरपिन,
आणि रिलेच्या पॉइंटांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे,
एकेका ठिणगीने थोडे थोडे कुरतडलेले.
तन्वीरने पॉलिश पेपर उचलला.
मी त्याच्या हातावर चापट मारली.
रेमेडिओस मास्तर सांगायचे:
टंगस्टनला कानस, चांदीला नुसता कागद.
कागद म्हणजे लग्नपत्रिका. तिच्याइतका जाड कागद
आता फुकट मिळत नाही.
पट्टी कापायची, फटीत सरकवायची,
दोन बोटांनी पॉइंट मिटायचे, ओढायची.
काळी रेघ येते.
पुन्हा. राखाडी.
पुन्हा.
'चि. सौ. कां.' पासून 'कृपया आहेर आणू नये' पर्यंत
एक अख्खं लग्न खर्ची पडलं
सतरा रिलेंमध्ये.

डाव्या फ्लिपरची कॉइल मात्र कोळसा.
करपलेल्या वार्निशचा वास मला परका नाही.
पंख्याच्या कारखान्यात बावीस वर्षं वाइंडिंगलाच होते,
गेटला टाळं लागलं त्या दिवशीही
माझ्या मशीनवर अर्धी कॉइल होती.
जुनी तार उलगडत वेढे मोजायला घेतले.
चारशे अकराला तन्वीरने जेवायला हाक मारली.
मी बोट वर केलं.
आकडा बोटावर थांबला, डाळ गार झाली.

जाड तारेचे वेढे झटका देतात,
बारीक तारेचे धरून ठेवतात.
मधला एक स्विच सांगतो, बस, आता मारू नकोस, धर.
तो चिकटला की जाड तार
मारतच राहते, जळेपर्यंत.
इथे तेच झालेलं.
म्हणजे कुणीतरी डावं बटण दाबून धरलं होतं
आणि सोडलं नव्हतं.

पाचव्या दिवशी, संध्याकाळी सातला, वीज दिली.
आधी गुणगुण. मग बाईचं तोंड उजळलं,
मग वाघ, एकेक करून.
आकड्यांची चाकं हललीसुद्धा नाहीत.
पहिला खेळाडू चार हजार आठशे साठ.
दुसरा चार हजार तीनशे दहा.
बॉल पाच, शेवटचा.
आणि दुसऱ्याच्या नावापुढे
छोटा पिवळा दिवा.

तिला बॅटरी नाही, चिप नाही.
चाकाचा दात जिथे अडकला
तिथेच ती रात्र अडकलेली.
धूर निघाला असेल, वॉचमन ओरडला असेल,
तो घरी गेला असेल. किंवा ती.
हेअरपिन मी अजून फेकली नव्हती.

स्टार्ट दाबून बघायचं असतं, चाचणीची रीत तशी आहे.
स्टार्ट दाबलं की सगळे आकडे
खडखडत शून्यावर येतात.
तन्वीरचं बोट बटणाजवळ होतं.
"थांब," म्हटलं.

बॉल कुणीतरी कधीच लांबवलेला.
बेअरिंगवाल्याकडून पोलादी गोळी आणली होती,
ती दांड्यापुढे ठेवली, दांडा ओढला, सोडला.
घंटा वाजल्या. डावं बटण दाबलं,
माझ्या वेढ्यांनी गोळी वर फेकली,
पुन्हा एकदा फेकली,
मग ती सरळ मधून,
दोन्ही हातांच्या मधून, गेली.
एकशे दहा कमी पडले.
आत काहीतरी टक्क झालं आणि पिवळा दिवा विझला.

तन्वीर म्हणाला, "तुम्हाला खेळता येत नाही."
खरंच येत नाही.

रात्री मालकाचा फोन आला.
"काय ताई, काही झालं का?"
हो, म्हटलं. लाइट लागलेत.