खालचा होज

वरचा होज जालन्यातच मिळाला,
मोंढ्यामागं, ट्रॅक्टरच्या सामानात.
बोटभर कापला, बसला.

खालच्यासाठी दोन महिने हिंडलो.
औरंगाबाद, नांदेड, हैदराबादचं भंगार,
सगळीकडं तीच घामेजलेली चिठ्ठी दाखवली:
लॅण्डमास्टर, छप्पन्नचं मॉडेल,
तोंड दीड इंच,
मधे बाक.

गौसोद्दीन मिस्त्रीनं चिठ्ठी उलटीसुद्धा वाचून बघितली.
"पाइप मिलता भाई, मोड नइं मिलता,"
म्हणाला, आणि पान थुंकायला बाहेर गेला.

गाडी डॉक्टर हिवरेकरांची.
ते गेले तेव्हा बापाचा अकरा महिन्यांचा पगार थकलेला.
त्याबदल्यात ही आली:
किल्ली, कागदावर सही,
मागच्या सीटवर आयोडीनचा तांबूस डाग.
आई आठ दिवस बोलली नाही.
नवव्या दिवशी म्हणाली,
आता हिला चिरायची कशी आन् शिजवायची कशी?

क्लिपचा स्क्रू गंजून पाइपाशी एकजीव.
रात्रभर डिझेल पाजलं तरी ढिम्म.
सकाळी करवतीचं पातं लावलं.
रबर सुटत आलं करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं,
आणि आत कापड निघालं.
सुती. उभे-आडवे धागे अजून मोजता येत होते.
एवढी वर्षं उकळतं पाणी
कापसानं धरून ठेवलं होतं तर.
कुठल्या वावरातला, कुणी वेचला,
रबरावर असलं काही छापत नाहीत.

क्लिपखाली अजून एक निघालं,
काळी पडलेली चिकटपट्टी, दवाखान्यातली.

बाप प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता.
कानानं जवळजवळ गेलाय,
पण पट्टी हातात दिल्यावर ओळखली.
"डॉक्टरांनी लावलेली," म्हणाला.
"बाळंतपणाला निघालो होतो अंबडच्या पुढं.
होज फाटला. मी बॅटरी धरली,
त्यांनी बांधली. गाठ न मारता, बघ,
टोक आत खोचलंय."

मग पाणी?

"तांड्यावर गेलो. बाई म्हणाली, कोण आजारी हाय?
मी बोनेटकडं बोट दाखवलं.
हंडा काय हातात दिला नाही तिनं,
दुष्काळ होता.
स्वतः चालत आली, स्वतः ओतलं,
थेंब सांडू दिला नाही.
आम्ही दोघं तसेच निघालो, कोरडे."

बाळ?

बापाला ऐकू आलं नाही.
किंवा आलं असेल.
पट्टीची घडी करून त्यानं खिशात ठेवली.

शेवटी मोड लोखंडाचा केला.
सळयांच्या कारखान्यातला दस्तगीर, रात्रपाळीचा,
त्यानं नळीत वाळू ठासली, तोंडं बुजवली,
लाल करून गुडघ्याएवढी वाकवली.
दोन बाजूंना रबराचे दोन तुकडे, चार क्लिपा.
"चार जगा से गलेगा,"
गौसोद्दीनचा आशीर्वाद.

हिरवं कूलंट आणलं होतं मी.
बाप म्हणाला, सरबत नको तिला.
मग नळाचंच. चौथ्या दिवशी आलेलं,
फडक्यातून गाळून.

थर्मोस्टॅट कुणीतरी केव्हाच काढून फेकलाय.
इकडं गाडी तापायची वाट बघावी लागत नाही.

तिसऱ्या हिसक्याला सुरू झाली.
वरचा होज लगेच कढत,
बोट टेकवेना.
बाप उठला, बाही मागं सारून
इंजिनखाली हात घातला,
खालच्या लोखंडावर तळवा ठेवला
आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,
"हां. फिरतंय."

तिसऱ्या क्लिपखाली थेंब धरत होता.
मी पान्याकडं वळलो.
"राहू दे," म्हणाला,
"आधी बघू तरी, किती वेळानं पडतो."

आई भांडी टाकून आली. गौसोद्दीन वाकला.
थेंब मोठा होत होता,
पडत नव्हता.