सूतभर मोठं

बुधवारी साडेसहाला शेड बंद करतो.
भुसा झटकतो, तरी कानामागं थोडा राहतोच.
उद्यमनगरातनं मंगळवार पेठेपर्यंत सायकल,
मग वाचनालयाचा लोखंडी जिना,
वरच्या खोलीत तेरा खुर्च्या, त्यातली एक लंगडी.

पहिल्या दिवशी दारातच थांबलो होतो.
म्हटलं, शिकलेली माणसं असतील, आपण परत फिरावं.
चौगुले बाईंनी वर न बघताच सांगितलं,
"या. लंगडी खुर्ची माझी. बाकी कुठंबी बसा."

मग म्हणाल्या, आपापल्या कामातला एक शब्द सांगा,
जो घरी कधी बोलला नाही.
सुभाषनगरचे सातपुते म्हणाले, रापी.
मगदूम कंडक्टर म्हणाले, सुट्टे.
सीपीआरमधल्या रझिया शिकलगार जरा थांबून म्हणाल्या,
नातेवाईक.
श्रावस्ती कांबळे, वय एकोणीस, म्हणाली, बॅकलॉग,
आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसली.

माझी पाळी आली.
मी म्हटलं, घट.
बाईंना वाटलं मातीचा. नवरात्रातला.
मग मी उभा राहून सांगायला लागलो.
बिडाचं ओतकाम करायचं तर आधी लाकडाचा पॅटर्न करावा लागतोय,
तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा,
उरलेल्या पोकळीत रस ओतायचा.
पण रस निवताना आकसतोय,
म्हणून लाकूड फुटाला एक सूत मोठं ठेवायचं.
ह्यासाठी आमची पट्टीच निराळी असती,
तिच्यावरचा फूट फुटापेक्षा मोठा.

कुणी काही बोललं नाही.
मला वाटलं, जास्त बोललो.
तेवढ्यात सातपुत्यांनी वही पुढं केली,
"ती पट्टी जरा काढून दाखवा की."

चौथ्या बुधवारी पहिली कविता वाचली.
हात असा थरथरत होता की
कागदाचाच आवाज जास्त.
कविता भावावर.
आमच्या दोघांच्या शेडमध्ये एकच भिंत.
पलीकडं त्याचा लेथ, अलीकडं माझा रंधा,
बारा वर्षं बोलणं नाही.
दुपारी एकला लेथ थांबतो
तेव्हा कळतं, तो जेवायला बसला.
मग मीही डबा उघडतो.

वाचून झाल्यावर रझियाताई म्हणाल्या, परत वाचा.
चूक काढायला नव्हे. ऐकायला.
परत वाचली. ह्या खेपेला कागद वाजला नाही.

मग श्रावस्ती म्हणाली, "काका, राग मानू नका,
पण शेवटची ओळ काढा."
शेवटची ओळ होती:
शेवटी रक्त ते रक्तच.
"ही ओळ तुमची नाही. ही ट्रकच्या पाठीवर असते."
मगदूम एवढे हसले की खोकला लागला,
बाईंनी त्यांना पाणी दिलं,
मी पण हसलो, पण आतनं खटकलं.
सगळ्यात जास्त वेळ त्याच ओळीला लागला होता.

घरी येऊन वही उघडली.
पेन्सिलीनं रेघ मारली. खोडली. परत मारली.
ओळ गेल्यावर खाली कागद रिकामा दिसायला लागला,
एवढा की डोळा तिथंच जात होता.
एकतीस वर्षं हेच करतोय की,
वाळूतनं लाकूड उचलतोय.
कडा ढासळू न देता उचलायचं,
सगळं कसब तेवढ्यातच.
ते इथं बायकोनं चहा आणून ठेवेपर्यंत
ध्यानात आलं नव्हतं.

अजून मात्रा कळत नाहीत.
बाई म्हणतात, कळतील, घाई कसली.
पुढच्या बुधवारी सातपुते पहिल्यांदा वाचणार आहेत,
तालीम करतात म्हणे, गिऱ्हाईक नसलं की चपलेच्या जोडासमोर.
मी लवकर जाणार आहे.
लंगडी खुर्ची ह्या खेपेला मला पाहिजे.

आज एकला लेथ थांबला.
मी डबा उघडला नाही.
वही काढली, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं वाचली,
भिंतीकडं तोंड करून,
रेघ मारली तिथवर.

पलीकडं डब्याचं झाकण
अजून वाजलं नव्हतं.