गाळणकागद

रात्री पावणेदोनला रबाळ्याहून आणला,
कंपनीच्या टेम्पोतून.
सोबतचा सुपरवायझर म्हणाला, "वडापाव बाधला असेल, सिस्टर."
मी सिस्टर नाही. मी रक्त काढते.

हसुराम पदाजी म्हात्रे, वय एकेचाळीस, गाव घणसोली.
ओठ जांभळं खाल्ल्यासारखे.
"मना काय पन नाय झाला," म्हणाला
आणि खाटेची कड धरून बसला,
होडीची धरतात तशी.

बामीबाई त्याची नखं पदराने घासत होती.
रंगाची कंपनी. चौदा वर्षं
कधी पिवळा यायचा घरी, कधी किरमिजी,
बादलीत, उशीवर, पोराच्या वहीवर.
लिंबू चोळलं की जायचा.
हा निळा जाईना.
"याला कंचा साबन लागंल?" तिने मलाच विचारलं.

नळीत उतरलं ते काकवीसारखं.
एक थेंब गाळणकागदावर टाकला, शेजारी माझा.
पंखा चालू होता.
माझा लाल.
त्याच्या थेंबावरून हवा गेली, परत आली,
थेंब तसाच, चहाच्या डागासारखा.

रक्तात लोखंड असतं मावशी, डॉक्टर म्हणाली,
ते गंजलंय.
बामीबाईने मान हलवली.
खाडीकाठच्या माणसाला गंज समजावून सांगावा लागत नाही.
छातीत हवा येते, रक्त दारापर्यंत जातं
आणि हात पुढे करत नाही.

ड्रम धुवायला उतरला होता.
हातमोजे होते की, म्हणाला. एक जोडी, तिघांत.
पँट मांडीपर्यंत भिजली,
वाळेल म्हणून अंगावरच ठेवली.

ती आम्ही पिशवीत बांधून बाहेर टाकली
तर बामीबाई मागायला आली:
नवीन आहे, तुर्भ्याच्या बाजारातली, धुऊन घेते.
कुणीतरी ओरडलं तिच्यावर. मीच असेन.

मग औषध आलं. दौतीतल्या शाईसारखं निळं,
तेही मुळात कापडासाठी केलेला रंगच.
सावकाश शिरेत सोडलं.
बामीबाई ताडकन उठली, "आनखी रंग?"

पहाटे ओठ विटकरी झाले.
सकाळी हसुरामने लघवीचं भांडं पाहिलं, हिरवंनिळं,
आणि पहिल्यांदा हसला.
"आमचे खाडीचे पान्यावानी झाला."

नोंदवहीत, कारणाच्या रकान्यात, 'चक्कर'.
अक्षर माझं नाही.
गाळणकागद मी फेकला नाही, पाकिटात आहे.
आता दोन्ही थेंब तपकिरी दिसतात,
कुठला कुणाचा, विचारलं कुणी
तर सांगेन. अजून तरी आठवतंय.